सूक्ष्मातील विराट, काव्यातील

अत्यंत लहान वस्तूच्या ठिकाणी अफाट विश्वाचा प्रत्यय घडविणारे काव्यातील एक प्राचीन आशयसूत्र. बी, दाणा, दवबिंदू, वाळूचा कण, मुंगी, दिव्याची ज्योत अशा चिमटीत मावणाऱ्या किंवा पायाखाली सहज तुडविल्या जाणाऱ्या गोष्टी आणि आकाश, काल, ब्रह्मांड ह्यांसारख्या कोणत्याही मापात न मावणाऱ्या गोष्टी ह्यांची एकाच शब्दरचनेत गाठ घालणे, हे त्याचे ढोबळ स्वरूप होय. अनेक संस्कृतींच्या काव्यात ते आढळते. भारतीय परंपरेत त्याला ‘पिंडी ते ब्रह्मांडी’ ह्या सर्वपरिचित विचाराचा भक्कम आधार मिळाला; परंतु हा आधार काव्याला जितका उपकारक ठरला, तितकाच काही वेळा अपायकारकही ठरला. कणात विश्व आहे, हे सिद्धांत म्हणून एकदा मान्य झाले, की कणाकडे निरखून पाहण्याची गरज उरत नाही. कोणताही कण चालतो. काव्याला मात्र तोच एक कण लागतो. लहान वस्तूचे लहानपण शाबूत ठेवून, तिचा आकार, रंग, वजन आणि जगातील तिचे स्थान न पुसता जी कविता तिच्यातून विराटाकडे जाते, तीच ह्या आशयसूत्राला न्याय देते, असे मराठी काव्याचा इतिहास पाहता म्हणता येते. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः मराठी कवितेचा विचार केला असून संस्कृत, जपानी व इंग्रजी काव्यातील काही उदाहरणे तुलनेसाठी घेतली आहेत.

संस्कृत परंपरा : ह्या आशयसूत्राची भारतातील फार जुनी आणि आजही ताजी वाटणारी रूपे छांदोग्योपनिषदात सापडतात. त्याच्या तिसऱ्या अध्यायातील शांडिल्यविद्येत हृदयस्थ आत्म्याचे वर्णन करताना भात, जव, मोहरी, सावा आणि सोललेल्या साव्याचा तांदूळ असे दाणे क्रमाने सांगितले आहेत. आत्मा ह्या प्रत्येकाहून लहान आहे आणि त्याच वेळी पृथ्वी, अंतरिक्ष, द्युलोक व सर्व लोक ह्यांहून मोठा आहे, असे तेथे प्रतिपादिले आहे. टरफलासह सावा आणि टरफलाविना सावा ह्यांत भेद करणारी ही यादी ज्याने रचली, त्याने धान्य कांडताना व पाखडताना जवळून पाहिले असले पाहिजे. सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणी आपला पुत्र श्वेतकेतू ह्याला वडाचे फळ आणावयास सांगतो, ते फोडावयास लावतो, आतील बारीक बियांपैकी एक बी फोडावयास लावतो आणि आत काय दिसते, असे विचारतो. काहीच दिसत नाही, असे मुलगा सांगतो. ह्या न दिसणाऱ्या सूक्ष्मातूनच एवढा थोरला वड उभा राहिला आहे, असे बाप त्याला समजावतो. येथे तत्त्वज्ञान सांगितले आहे खरे. पण त्याआधी मुलाच्या बोटांना काम दिले आहे, आणि दृष्टांताचा सारा जोर त्याच्या प्रामाणिक उत्तरावर आहे. बी आणि वृक्ष हा दाखला पुढे असंख्य ग्रंथांत फिरला, तेव्हा त्यातील मुलगा, फळ आणि बोटे गळून गेली व केवळ दाखला उरला.

भागवत पुराणाच्या दशम स्कंधातील (अध्याय ८) मृद्भक्षणाचा प्रसंग ह्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. कृष्णाने माती खाल्ल्याची तक्रार ऐकून यशोदा त्याला तोंड उघडावयास लावते आणि तिला त्यात पर्वत, द्वीपे, समुद्र, ग्रहतारे ह्यांसह सर्व विश्व दिसते. इतकेच काय, त्या विश्वात तिचे गोकुळ आणि ती स्वतःही दिसते. भगवद्‌गीतेच्या अकराव्या अध्यायातील विश्वरूपदर्शनाशी ह्या प्रसंगाची तुलना उद्बोधक ठरते. अर्जुनाला विराट दिसते ते विराट आकारातच, आणि त्यासाठी त्याला दिव्यदृष्टी द्यावी लागते. यशोदेला ते लेकराच्या मातकट तोंडात, आईच्या साध्या डोळ्यांनी दिसते. क्षणभर ती गोंधळते, आणि मग सारे विसरून मुलाला मांडीवर घेते. हे विसरणे मायेमुळे घडले, असे पुराणकार सांगतो. काव्यदृष्ट्या मात्र ते विसरणे हाच प्रसंगाचा कळस आहे. विश्व पाहून झाल्यावरही मूल हे मूलच राहते. योगवासिष्ठातील लीलोपाख्यानात ह्याच्या उलट प्रकार आढळतो. एका ब्राह्मणाच्या लहानशा घरातील अवकाशात एका राजाचे समग्र राज्य, त्या राज्यात आणखी विश्वे, अशी साखळी तेथे इतकी लांबत जाते, की लहान आणि मोठे ह्या शब्दांनाच काही वेळाने अर्थ उरत नाही. दिक्कालाचे मिथ्यात्व पटविणे हाच ग्रंथकाराचा हेतू असल्याने त्याला त्याबद्दल दोष देता येणार नाही. परंतु वाचकाची कल्पनाशक्ती थक्क होते आणि त्याचे मन कोरडे राहते, हेही खरे.

अलंकारशास्त्रकारांनी ह्या विषयाची दखल घेतली ती आधार व आधेय ह्यांच्या परिमाणाचा प्रश्न म्हणून. मम्मटाने (अकरावे शतक) काव्यप्रकाशात ‘अधिक’ हा अलंकार सांगितला आहे. आधार किंवा आधेय विशाल असताना त्याच्याहून लहान असलेली दुसरी वस्तू त्याला पुरून उरल्याचे वर्णन त्यात असते. शिशुपालवधाच्या पहिल्या सर्गातील त्याचे उदाहरण प्रसिद्ध आहे : प्रलयकाळी सर्व भुवने ज्याच्या देहात ऐसपैस मावली, त्या कृष्णाच्या देहात नारदाच्या आगमनाने झालेला आनंद मावेना. अप्पय्य दीक्षितांनी (सोळावे शतक) कुवलयानंदात ह्याला पूरक असा ‘अल्प’ हा अलंकार मानला; विरहाने रोडावलेल्या नायिकेच्या हाती तिची अंगठीच जपमाळेसारखी झाली, हे त्याचे उदाहरण. ही मांडणी काटेकोर आहे. पण तिची दृष्टी मापावर खिळलेली असल्याने अतिशयोक्ती किती साधली, एवढेच तिला सांगता येते. माघाचा श्लोक चतुर आहे आणि उद्दालकाची बी खरी वाटते. हा भेद कशामुळे पडतो, ह्याचे उत्तर अलंकारविचारात मिळत नाही.

संतकाव्य : मराठीत हे आशयसूत्र आरंभीच पूर्ण सामर्थ्याने अवतरले. ज्ञानेश्वरांना (१२७५–९६) सिद्धांत ठाऊक होता, पण त्यांची दृष्टी वस्तूवरून हटत नाही. ज्ञानेश्वरीच्या (१२९०) दुसऱ्या अध्यायात सद्बुद्धी थोडी असली, तरी तिला लहान लेखू नये, हे सांगताना ते दिव्याच्या इवल्या कळीकडे बोट दाखवितात. चौथ्या अध्यायाच्या अखेरीस ते शब्दाच्या व्याप्तीविषयी बोलतात. सूर्याचे बिंब पाहू गेल्यास हाताच्या बचकेत मावेल एवढे, आणि त्याच्या प्रकाशाला मात्र तिन्ही लोक अपुरे पडतात. शब्दाचेही तसेच असते, असा त्यांचा अभिप्राय आहे. हा दृष्टांत अनेक अंगांनी महत्त्वाचा आहे. येथे लहान वस्तू म्हणजे खुद्द कवीचे माध्यम, म्हणजे शब्द. शिवाय सूर्य लहान ‘दिसतो’ हा अनुभव शेतकऱ्यापासून पंडितापर्यंत सर्वांचा आहे; तो सांगण्यासाठी कोणतेही गूढ गृहीत धरावे लागत नाही. मराठी काव्यशास्त्राचा विचार करणाऱ्यांनी ह्या ओवीकडे जितके लक्ष द्यावयास हवे होते, तितके दिलेले दिसत नाही.

मुक्ताबाईंच्या (१२७९–९७) नावावरील एका कूट अभंगात एक मुंगी आकाशात उडते आणि सूर्याला गिळून टाकते. भाष्यकारांनी मुंगी म्हणजे सूक्ष्म झालेली वृत्ती, सूर्य म्हणजे ज्ञान किंवा प्राण अशा फोडी केल्या आहेत. त्या चुकीच्या आहेत असे नाही. परंतु फोड करताच मुंगी नाहीशी होते आणि अभंगातील नवल संपते. ही मुंगी आकाशात गेल्यावर मोठी झालेली नाही. ती मुंगीच आहे, आणि तरी तिने सूर्य गिळला आहे. संन्याशाची मुले म्हणून समाजाने वाळीत टाकलेल्या चार भावंडांतील सर्वांत धाकट्या बहिणीच्या तोंडी हे कूट यावे, ही गोष्ट केवळ चरित्राच्या जिज्ञासेची नाही. सूक्ष्म व विराट ह्यांची भाषा बोलणाऱ्यांत समाजाने स्वतःच लहान ठरविलेली माणसे मोठ्या संख्येने आहेत, आणि त्यांच्या काव्यात ‘लहान’ ह्या शब्दाला केवळ आकारमानाचा अर्थ राहत नाही.

चोखामेळ्याच्या (मृत्यू १३३८) अभंगांत ही बाब सर्वांत तीव्रपणे जाणवते. ईश्वर कणाकणात भरलेला आहे, हे वारकरी संप्रदायाला मान्य होते; पण पंढरपूरच्या मंदिराचे दार चोखोबाला बंद होते. सर्वांचे देह त्याच पाच महाभूतांचे बनले असताना विटाळ नेमका कोणाचा कोणाला होतो, असा प्रश्न तो विचारतो. वरवर पाहता हा ब्रह्मांडाच्या घटकांविषयीचा तात्त्विक प्रश्न आहे. प्रत्यक्षात तो दाराबाहेर उभ्या असलेल्या एका माणसाच्या देहाविषयीचा आहे. सिद्धांत खरा असेल, तर दार उघडले पाहिजे. दार उघडत नसेल, तर सिद्धांत बोलणाऱ्यांनी तो कशासाठी सांभाळला आहे? सर्वव्यापी ईश्वराची कल्पना इतक्या रोखठोकपणे कसोटीला लावणारी रचना संतकाव्यातही विरळा. पंढरपूरच्या महाद्वारासमोर चोखोबाची समाधी आहे. मंदिर सर्वांना खुले व्हावयास १९४७ साल उजाडावे लागले व त्यासाठी साने गुरुजींना उपोषण करावे लागले.

तुकारामांचा (१६०८–५०) स्वतःला अणूहून लहान आणि आकाशाइतका मोठा म्हणणारा अभंग महाराष्ट्रात सर्वतोमुखी आहे. पण बहुतेकांना त्याचा आरंभच ठाऊक असतो. आरंभ सुभाषितासारखा वापरला गेल्यामुळे अभंगाची पुढील वाटचाल दुर्लक्षित राहिली. पुढे देहाचा भ्रम गिळून टाकल्याची आणि घटात दिवा उजळल्याची प्रतिमा येते, आणि अखेरीस आपण आता इतरांच्या कामी येण्यापुरतेच शिल्लक आहोत, असे कवी सांगतो. म्हणजे आकाशाएवढे झाल्यावर कवी पुन्हा एका लहानशा, उपयोगाच्या जागी येऊन थांबतो. विराटाचा अनुभव हे ह्या अभंगाचे टोक मानले जाते. वस्तुतः तो मधला मुक्काम आहे.

इतर भाषांतील काही उदाहरणे : इंग्रज कवी विल्यम ब्लेक (१७५७–१८२७) ह्याच्या ‘ऑग्युरीज ऑफ इनोसन्स’ ह्या कवितेचेही नेमके असेच झाले आहे. सुमारे १८०३ मध्ये लिहिलेली ही कविता त्याच्या हयातीत छापली गेली नाही. १८६३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. वाळूच्या कणात जग आणि रानफुलात स्वर्ग पाहण्याविषयीच्या तिच्या पहिल्या चार ओळी जगभर उद्‌धृत केल्या जातात. उरलेल्या सव्वाशेहून अधिक ओळींत पिंजऱ्यातील रॉबिन पक्षी, धन्याच्या दारी उपाशी पडलेला कुत्रा, शिकाऱ्यांनी पाठलाग केलेला ससा, पंख जायबंदी झालेला चंडोल असे प्राणी ओळीने येतात, आणि त्यांच्या यातनांनी स्वर्ग हादरतो, असे ब्लेक बजावून सांगतो. कणात जग असेल, तर कणाला झालेली इजा ही जगाला झालेली इजा होय, हा त्या चार ओळींचा अर्थ पुढे वाचल्यावाचून कळत नाही. त्या वेगळ्या काढल्यावर उरतो तो एक सुखद गूढवाद.

जपानी कवी कोबायाशी इस्सा (१७६३–१८२८) ह्याचे उदाहरण याहून हृदयस्पर्शी आहे. १८१९ मध्ये त्याची चिमुकली मुलगी सातो देवीने दगावली. त्या दुःखातून त्याने लिहिलेल्या हायकूत जग दवासारखे क्षणभंगुर आहे, ही बौद्ध शिकवण तो मान्य करतो. आणि मान्य करूनही अडखळतो. त्या अडखळण्याला शब्द जवळजवळ नाहीतच. दवबिंदूत सर्व अनित्य विश्व पाहण्याचा संकेत जपानी काव्यात शतकानुशतके रुळलेला होता. इस्साने तो संकेत नाकारला नाही; एका लेकराच्या मरणापुढे तो उभा केला, आणि तो पुरेसा पडत नाही, हे दिसू दिले. पाच, सात, पाच अवयवांच्या ह्या रचनाप्रकाराला मराठीत रुजविण्याचे श्रेय मुख्यतः शिरीष पै (१९२९–२०१७) ह्यांच्याकडे जाते. त्यांच्या चांगल्या हायकूंत पाहिलेली वस्तू पाहिली तशी ठेवण्याचा संयम आहे. त्यांच्यानंतर मराठीत हायकू उदंड लिहिले गेले. त्यांपैकी पुष्कळांत तिसरी ओळ पहिल्या दोन ओळींचा अर्थ सांगण्यात खर्ची पडते. दृष्टांत आणि त्यामागून सिद्धांत ही आपल्याकडील जुनी सवय तेथे आड येत असावी.

आधुनिक मराठी काव्य : सतराव्या शतकात दुर्बीण आणि सूक्ष्मदर्शक ही साधने हाती आल्यानंतर लहान व मोठे ह्यांची कल्पना मुळातून बदलली. रॉबर्ट हुक ह्याच्या ‘मायक्रोग्राफिया’ (१६६५) ह्या ग्रंथात पिसवेचे चित्र घडीच्या मोठ्या पानावर छापले होते. पास्काल ह्याने (१६२३–६२) एका किड्याच्या देहात असंख्य विश्वे कल्पून, त्या दोन अनंतांच्या मध्ये लोंबकळणाऱ्या माणसाला भोवळ कशी येते, हे लिहिले. पुढे अणू म्हणजे छोटी सूर्यमाला हे चित्र रदरफर्ड व बोर ह्यांच्या संशोधनामुळे (१९११–१३) लोकप्रिय झाले, आणि पिंडी ते ब्रह्मांडी ह्या वचनाला विज्ञानाने दुजोरा दिल्याचे समाधान अनेकांनी मानले. १९२५–२६ मध्ये पुंजयामिकीने ते चित्र मागे टाकले. हायड्रोजनाचा अणू मिलिमीटरच्या सु. एक कोटीव्या भागाएवढा आणि दृश्य विश्वाचा व्यास सु. ९,३०० कोटी प्रकाशवर्षे, ही दोन टोके आज आकड्यांनी सांगता येतात. पण एकात दुसऱ्याची प्रतिकृती आहे, असे आता म्हणता येत नाही. जुन्या कवीला लहान-मोठ्याचे नाते आयते मिळाले होते, ते आधुनिक कवीला स्वतः जोडावे लागते.

केशवसुतांच्या (१८६६–१९०५) ‘सतारीचे बोल’ ह्या कवितेत हा प्रयत्न दिसतो. खिन्न मनाने अंधारात जात असलेल्या माणसाच्या कानी सतारीचे सूर पडतात आणि त्यांच्यामागून जाता जाता आपले अस्तित्व विश्वभर पसरत असल्याचा भास त्याला होतो. तो प्रत्यय येण्यापूर्वी त्याचा त्रागा, त्याचे दुःख, सुराला प्रथम केलेला विरोध हे सर्व टप्प्याटप्प्याने सांगितल्यामुळे अखेरचा विस्तार पटतो.

बालकवींनी (१८९०–१९१८) वेगळी वाट धरली. ‘फुलराणी’त हिरवळीवरील एका अजाण कळीच्या मनात सायंकाळी रविकिरणाविषयी प्रेम जागे होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे त्याच्याशी लग्न लागते, आकाश, वारा, पाखरे ह्या लग्नाचे वऱ्हाडी. येथे कळी विश्वाएवढी होत नाही. विश्वच कळीच्या मापाचे होऊन तिच्या दारी येते. सु. १५ कोटी किमी. अंतर तोडून येणारा किरण नवरदेव म्हणून इतका सहज शोभतो, की ह्या कल्पनेचे धाडस ध्यानातही येत नाही. शालेय पुस्तकांमुळे ती बालगीतासारखी वाचली जाते. त्यामुळे तिचे नुकसानच झाले आहे. बालकवींच्या ‘औदुंबर’ ह्या आठ ओळींच्या कवितेत विराटाचा उल्लेखही नाही. गाव, शेते, पायवाट, डोह आणि पाण्यात पाय सोडून बसलेले झाड एवढेच तीत आहे. तरी ती वाचून झाल्यावर काहीतरी अथांग जवळून गेल्यासारखे वाटते, आणि ते काय, ह्याविषयी मराठी समीक्षकांत बरीच वर्षे वाद झाला आहे.

कुसुमाग्रजांच्या (१९१२–९९) ‘पृथ्वीचे प्रेमगीत’ (विशाखा, १९४२) ह्या कवितेत परिमाण उलटे होते. आपल्याला विराट वाटणारी पृथ्वी तेथे सूर्यापुढे धुळीच्या कणासारखी आहे. त्याच्याभोवती युगानुयुगे फिरणे आणि त्याच्यापासून दूर राहणे, ही दोन्ही खगोलशास्त्रातील साधी तथ्ये. कुसुमाग्रजांनी त्यांतून एका मानी प्रेयसीचे मन उभे केले. इतर ताऱ्यांच्या आर्जवांना ती नकार देते. आपले लहानपण तिला पुरते ठाऊक आहे, आणि त्या लहानपणीच तिचा दिमाख आहे.

बा. सी. मर्ढेकरांच्या (१९०९–५६) कवितेत हा दिमाख मावळतो. त्यांच्या एका कवितेत मी, हा, तो, तू अशी सर्वनामे एकेक करून मुंगी ठरतात आणि मग मुंग्यांची संख्या वाढत जाते. मुक्ताबाईंची एकटी मुंगी सूर्य गिळते. मर्ढेकरांची मुंगी महायुद्धोत्तर महानगरातील रांगेत हरवते. विराट येथेही आहे, पण ते ब्रह्माचे नाही, निव्वळ संख्येचे आहे. दोन प्रतिमांतील संबंध बाह्य साम्यावर अवलंबून नसून त्यांनी जागविलेल्या भावनेच्या एकरूपतेवर असतो, हे मर्ढेकरांनी आपल्या साहित्यविचारात ‘भावनानिष्ठ समतानता’ ह्या संज्ञेने मांडले. बी आणि वड, दव आणि विश्व ह्या जोड्या कशाने पटतात, ह्याचे आधुनिक मराठी समीक्षेतील सर्वांत उपयुक्त उत्तर बहुधा हेच. मात्र त्यात वस्तूच्या स्वतःच्या हक्काला पुरेशी जागा नाही. भावना जुळली, की वस्तू कोणतीही चालावी, असा अर्थ त्यातून निघू शकतो, आणि मग आपण पुन्हा आरंभीच्या अडचणीपाशी येतो.

ही अडचण ज्यांच्या कवितेत उद्‌भवतच नाही, अशा कवयित्री म्हणजे बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१). खानदेशातील आसोदे येथे जन्मलेल्या ह्या शेतकरी स्त्रीला लिहितावाचता येत नव्हते. घरकाम व शेतकाम करताना त्यांनी रचलेल्या ओव्या त्यांचे चिरंजीव कवी सोपानदेव चौधरी ह्यांच्यामुळे जपल्या गेल्या आणि त्यांच्या निधनानंतर आचार्य अत्रे ह्यांच्या प्रस्तावनेसह बहिणाबाईंची गाणी (१९५२) ह्या नावाने प्रसिद्ध झाल्या. त्यांच्या ‘मन’ ह्या सुप्रसिद्ध गीतात मन खसखशीच्या दाण्याएवढे लहान आणि आभाळातही न मावण्याइतके मोठे असल्याचे सांगितले आहे. शांडिल्यविद्येतील मोहरी आणि सावा ह्यांची येथे आठवण न झाली तरच नवल. कीर्तन-प्रवचनांतून तो विचार त्यांच्या कानी पडला असणे शक्य आहे. परंतु दाणा त्यांचा स्वतःचा आहे. खसखशीचा दाणा वाऱ्यानेही उडतो, हे तो हाताळणाऱ्या बाईला कोणी सांगावे लागत नाही.

ह्या गीताची रचनाही ध्यानात घेण्यासारखी आहे. त्याच्या आरंभी मन म्हणजे उभ्या पिकात शिरणारे ओढाळ ढोर. हाकलले तरी ते पुन्हा येते. म्हणजे दाणा व आभाळ येईपर्यंत शेत, पीक, गुरे आणि ती हाकणारी बाई हे जग उभे झालेले असते; आभाळ आहे ते ह्या शेतावरचे. दुसरे असे, की उपनिषदात लहान आणि मोठा असतो तो आत्मा, शांत व निर्विकार. बहिणाबाईंच्या गीतात असते ते मन, विषारी, लहरी आणि हाती न येणारे. त्याच्या विस्ताराने त्यांना शांती लाभत नाही. अखेरीस त्या देवालाच, असे मन घडविलेस तरी कसे, जागेपणी तुला हे स्वप्न पडले की काय, असे विचारतात. सिद्धांताच्या चौकटीतून आलेले साधन त्यांनी सिद्धांताकडून काढून घेऊन प्रश्नाच्या हवाली केले आहे. दुसऱ्या एका गीतात पेरणीनंतर भुईच्या कुशीत झोपलेले बियाणे येते. उद्दालकाने मुलाला बी फोडावयास लावले. बहिणाबाई ती मातीखाली झाकतात आणि कोंब वर येईतो वाट पाहतात. एकाची दृष्टी जिज्ञासूची, दुसरीची पेरणाऱ्याची. आणि पेरणाऱ्याला वर्षाचे पोट त्या बियांवरच भरावयाचे असते.

नारायण सुर्वे (१९२६–२०१०) ह्यांच्या पहिल्या काव्यसंग्रहाचे नाव ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२). मुंबईत अर्भकावस्थेत टाकून दिलेल्या ह्या मुलाला गंगाराम सुर्वे ह्या गिरणीकामगाराने वाढविले आणि त्याने पुढे शाळेत शिपायाचे व नंतर शिक्षकाचे काम केले. ‘अहं ब्रह्मास्मि’ ह्या महावाक्याची छाया संग्रहाच्या नावात उघड आहे. पण ते उच्चारणारा साधक नसून भाकरीच्या विवंचनेत असलेला कामगार आहे. हा अभिमान की उपरोध, ह्याविषयी वाचकांचे एकमत नाही. चोखोबाने दाराबाहेरून विचारलेल्या प्रश्नाला मिळालेले हे एक उत्तर, असे ते नाव वाचावे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते; मात्र सुर्व्यांनी उत्तर दिले ते मंदिराकडे पाठ करून, कारखान्याच्या दिशेने पाहत.